बेहड्याचे मोल कोणी द्यायचे?

त्रिफळा ज्याच्या दवाखान्यात नाही असा वैद्य शोधूनही सापडणार नाही. हरीतकी, बिभीतक आणि आमलकी या तीन फळांवर आपल्या व्यवसायाचा केवढा भार उभा आहे, हे औषधी भांडारांच्या मालकांना आम्ही सांगावयास नको. या तिघांपैकी आवळ्याच्या बागा आहेत, त्याची कलमे मिळतात, त्यावर शेतकऱ्याला कर्जही मिळते. हिरडा आणि बेहडा मात्र आजही मुख्यतः रानातूनच येतात. या झाडांचे पुढे काय होणार, हा प्रश्न वनखात्याने सोडवावा, आपण चिकित्सा करावी, अशी आपल्यातील अनेकांची समजूत आहे. आमच्या मते ही समजूत पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. एखादा बेहडा डोंगरावर उभा राहील की कोळशाच्या भट्टीत जाईल, याचा निर्णय पुष्कळ अंशी आपल्या खरेदीच्या वहीत होत असतो. प्रस्तुत लेखात हाच विचार सप्रमाण मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शास्त्राज्ञा आणि सांप्रत स्थिती

चरकसंहितेतील विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे वर्णन येते. तेथे भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला बजावतात की, भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हा अध्याय साथीच्या रोगांसंदर्भात अभ्यासला. परंतु औषधी आणि भूमी यांचे आरोग्य एकमेकांशी बांधलेले आहे, हा त्यातील गाभ्याचा विचार आहे. कल्पस्थानातही द्रव्य कोणत्या भूमीतील, कोणत्या ऋतूत आणि कशा प्रकारे घ्यावे याविषयी सविस्तर मार्गदर्शन केले आहे. थोडक्यात, द्रव्य कोठून आले हे ठाऊक असणे हा वैद्याच्या कर्तव्याचाच भाग मानला गेला होता.

आज परिस्थिती काय आहे? राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी डी. के. वेद आणि जी. एस. गोराया यांनी केलेला देशव्यापी अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९६० प्रजातींचा व्यापार होत असल्याचे आणि त्यांपैकी १७८ प्रजातींची उलाढाल वर्षाला १०० टनांहून अधिक असल्याचे नोंदविले आहे. या १७८ पैकी प्रामुख्याने लागवडीतून येणाऱ्या प्रजाती अवघ्या ३६ होत्या. २०१७ च्या पुढील अभ्यासात व्यापारातील प्रजातींची संख्या १,१७८ आणि मोठ्या उलाढालीच्या प्रजातींची संख्या २४२ वर गेली. मागणी वाढत गेली. रान मात्र वाढलेले नाही.

आमच्या नवी मुंबईपुरते बोलायचे तर, तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून किंवा मुंबईच्या काष्ठौषधी विक्रेत्यांकडून जी गोणी आपल्या दारात येते, तिच्यावर वजन असते, भाव असतो, गावाचे नाव बहुधा नसते. रानातला संकलक, गावचा व्यापारी, तालुक्याचा अडत्या, शहरातला घाऊक विक्रेता अशा पायऱ्या चढत माल येतो आणि प्रत्येक पायरीवर त्याचा मूळ पत्ता पुसट होत जातो. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथून जवळच पनवेलला औषधी कारखाना उभा केला. तोच आजचा श्री धूतपापेश्वर. त्या काळी कर्नाळा आणि माथेरानच्या डोंगरांपासून पनवेलच्या बाजारपेठेपर्यंतचे अंतर एका बैलगाडीचे होते. आज तेच डोंगर आपल्या खिडकीतून दिसतात, पण खिडकीतून दिसणाऱ्या झाडाशी आपल्या डब्यातील चूर्णाचे काही नाते उरलेले नाही. हे नाते पुन्हा जोडायचे तर ते व्यवहाराच्याच मार्गाने जोडावे लागेल, असे आम्हाला वाटते.

कलिद्रुमाची कहाणी

बेहड्याला आपल्या निघंटूंनी कलिद्रुम असेही म्हटले आहे. नलोपाख्यानात कली ज्या वृक्षाचा आश्रय घेतो तो हाच. वड, पिंपळ, औदुंबर यांच्याभोवती धर्मभावनेचे कुंपण आहे. बेहड्याच्या वाट्याला ते आले नाही. त्याचे लाकूड सागासारखे मोलाचे नाही, म्हणून कोणी तो राखून ठेवत नाही. आणि अगदीच टाकाऊ नाही, म्हणून खोकी, सरपण आणि कोळसा यांसाठी तो तोडला जातो.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र फारच थोडे. बहुतेक झाडी लोकांच्या मालकीच्या जमिनीवर आहे. संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या डोंगरउतारावर शंभर वर्षांचा बेहडा असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो बव्हंशी त्याचाच आहे. घरात लग्न निघाले, आजारपण आले, मुलाच्या शिक्षणाची फी भरायची वेळ आली की लाकडाचा ठेकेदार रोख रक्कम घेऊन दारात उभा असतो. तोडीसाठी परवाना लागतो हे खरे. परंतु परवान्याने झाडाला मोल येत नाही, फार तर त्याचे मरण लांबते. उभ्या झाडातून उत्पन्न नाही आणि आडव्या झाडातून आहे, असा हिशोब असेल तेथे नुसता उपदेश कामी येत नाही.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने हा हिशोबच उलटा करण्याचे काम हाती घेतले. डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने या संस्थेने कोकणातील देवराया आणि खासगी जंगले यांच्या संरक्षणासाठी जमीनमालकांशी करार केले. ठरावीक वर्षे झाडे तोडायची नाहीत आणि त्याबदल्यात मोबदला घ्यायचा, असे त्यांचे स्वरूप होते. त्यापुढची पायरी बाजाराची होती. संगमेश्वर परिसरात आणि भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी वस्त्यांमध्ये बेहडा आणि हिरडा गोळा करण्याची शिस्त बसविण्यात आली आणि या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविण्यात आले. रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठीच हे मानक आहे. झाडाला इजा न करता माल घेणे, पुनरुत्पादनासाठी आणि वन्यप्राण्यांसाठी फळे मागे ठेवणे, किती माल कोठून घेतला याची नोंद ठेवणे आणि संकलकाला वाजवी दर व त्यावर अधिमूल्य देणे, या त्यातील मुख्य अटी आहेत.

या कामात धनेश पक्ष्याचा मोठा वाटा आहे. महाधनेशाला घरट्यासाठी जुन्या, प्रचंड वृक्षातील ढोली लागते आणि सह्याद्रीच्या या भागात बेहड्याचे जुने वृक्ष त्याला ती पुरवितात. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून चारा भरवितो. असा एक वृक्ष पडला की एका जोडप्याची वीण खंडित होते. हा पक्षी रानात बिया दूरवर पसरवितो, म्हणजे एका अर्थी तो जंगलाचा माळीच आहे. २०१८ पासून जागतिक लाल यादीत त्याची नोंद असुरक्षित प्रजाती म्हणून आहे. बेहड्याच्या फळाला दर आला की झाड उभे राहते आणि झाड उभे राहिले की ढोली राहते, असे हे साधे गणित आहे.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. या प्रमाणित बेहड्याचा प्रमुख ग्राहक कोण होता? इंग्लंडमधील पक्का हर्ब्ज ही कंपनी. म्हणजे सह्याद्रीतील बिभीतकाच्या संरक्षणाचे अधिमूल्य ब्रिस्टलच्या कंपनीने आणि तिच्या ग्राहकांनी भरले. बिभीतकाचे गुणधर्म ज्यांना तोंडपाठ आहेत, ज्यांची तीन-तीन पिढ्यांची उपजीविका त्रिफळ्यावर चालली आहे, ते आपण मात्र सर्वांत स्वस्त गोणीच्या शोधात राहिलो. ही तुलना कोणाला कमी लेखण्यासाठी आम्ही करीत नाही; ती आपल्याला विचार करायला लावणारी आहे, एवढेच.

केवळ भाव पुरेसा नाही

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अत्यावश्यक आहे. बाजार आला की जंगल आपोआप वाचते असे मुळीच नाही. सह्याद्रीतील नरक्या या लहानशा वृक्षाचे उदाहरण घ्यावे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मनरो वॉल आणि मन्सुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते नरक्यातही असल्याचे दाखविले. कर्करोगावरील औषधांसाठी या द्रव्याची मागणी वाढली आणि ज्या झाडाला कोणी विचारीत नव्हते त्याला एकाएकी भाव आला. परिणाम काय झाला? कोकणात आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर त्याची चोरटी तोड सुरू झाली. खोड, फांद्या, मुळे सारे काही पोत्यांत भरून गेले. जंगलातील मजुराच्या हाती किलोमागे मोजके रुपये पडले, नफा दूर कोठेतरी गेला आणि नरक्या दुर्मीळ झाला. कच्छ आणि राजस्थानातील गुग्गुळाची कथाही याहून वेगळी नाही. अधिक डिंक मिळावा म्हणून खोल चिरा देऊन आणि रसायने लावून झाडे मारली गेली. आज गुग्गुळ जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

बेहडा आणि नरक्या या दोहोंनाही बाजारात भाव आला. मग एकाचे रक्षण आणि दुसऱ्याचा नाश, असे का व्हावे? आमच्या मते यामागे तीन कारणे आहेत. पहिले असे की, बेहड्याचे फळ घेतले जाते, नरक्याचे खोडच घेतले जाते. दुसरे असे की, बेहड्याच्या झाडावर कोणाचा तरी निश्चित हक्क होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा उत्पन्न मिळेल याची त्याला खात्री होती. नरक्या जो आधी तोडेल त्याचा होता. तिसरे असे की, बेहड्याचा ग्राहक नाव-गाव असलेला होता आणि त्याने मर्यादा घालून दिली होती. नरक्याचा ग्राहक निनावी होता. भाव, हक्क आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच बाजार जंगलाचे रक्षण करतो. आपल्याच परिभाषेत बोलायचे तर मात्रा, काल आणि अनुपान चुकले की औषधही विषासमान ठरते. तसेच हे आहे.

यापैकी केवळ हक्क नसला तरी काय होते, हे केरळमधील काणी आदिवासींच्या अनुभवावरून समजते. आरोग्यपच्च या वनस्पतीविषयीचे त्यांचे ज्ञान डॉ. पुष्पांगदन आणि सहकाऱ्यांना १९८७ साली कळले. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ साली कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याच्या निर्मितीचा परवाना देण्यात आला. परवाना शुल्क आणि स्वामित्वधन यांचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरले व त्यासाठी १९९७ साली त्यांचा न्यासही स्थापन झाला. जगभर या कराराचे कौतुक झाले. परंतु वनखात्याच्या हरकतींमुळे काणींना ती पाने लागवड करून विकणे कठीण झाले आणि कच्च्या मालाचा पुरवठाच अडखळला. मोबदला ठरला होता, रानावरील हक्क मात्र ठरला नव्हता.

याउलट हक्क मिळाला तर काय घडते, हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने दाखविले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामस्थांना देऊ केली. या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तोड किती करायची आणि विक्री कोणाला करायची, हे ग्रामसभा ठरवू लागली. आमच्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून वाळविण्याचे काम उभे केले. कोविडच्या काळात मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्या. गुळवेलीचे खोड बुडखा राखून कापले तर वेल पुन्हा फुटते. म्हणजे मर्यादा पाळणे येथे सहज शक्य आहे. नवी मुंबईपासून शहापूर किती दूर आहे? आपल्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात शहापूरची गुळवेल आहे?

कायद्याने दिलेली सूट

आता थोडे कायद्याविषयी. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. जैविक संसाधनांचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने त्यातील लाभाचा रास्त वाटा स्थानिक समाजाला द्यावा, हे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे. देशी कंपन्यांना ते लागू आहे की नाही, यावर मोठा वाद झाला. अखेर दिव्य फार्मसीच्या प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी ते देशी कंपन्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. या दुरुस्तीनुसार संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे वैद्य, हकीम व नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना राज्य मंडळाकडे पूर्वसूचना देण्याच्या तरतुदीतून वगळण्यात आले.

आपल्या व्यवसायात या सूटीचे स्वागत झाले आणि ते स्वाभाविकही होते. दवाखान्यात दोन किलो काढा करणाऱ्या वैद्याने मंडळाच्या कार्यालयात अर्ज घेऊन हेलपाटे घालावेत, हे कोणाच्याच हिताचे नव्हते. परंतु सूट मिळाली म्हणून देणे फिटले असे होत नाही. आपल्याकडून रानाकडे पैसा जाण्याचा जो एक कायदेशीर मार्ग होता, तो आपल्यापुरता बंद झाला. त्याची जागा आपण स्वेच्छेने भरली नाही, तर संहिता ऋषींची, फळ आदिवासींचे आणि उत्पन्न तेवढे आपले, असा त्याचा अर्थ होईल. किंबहुना सक्तीने दिलेल्या वाट्यापेक्षा समजून-उमजून दिलेला चढा दर अधिक परिणामकारक ठरतो. सक्तीचा पैसा खात्यांतून फिरत उशिरा पोहोचतो, खरेदीचा पैसा मालाबरोबरच थेट हातात पडतो.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप महागाईचा असेल. त्याचा हिशोब करून पाहू. समभाग त्रिफळा चूर्णात एक किलोमागे बेहडा व हिरडा प्रत्येकी सुमारे ३३३ ग्रॅम येतात. बी काढलेल्या सालीला आपण किलोमागे २० रुपये अधिक दिले, तर बेहड्यापोटी ६ रुपये ६७ पैसे आणि हिरड्यापोटी तेवढेच, म्हणजे किलोभर चूर्णामागे साधारण १३ रुपये ३३ पैसे वाढतात. १०० ग्रॅमच्या पुडीवर ही वाढ १ रुपया ३३ पैसे इतकी होते. आपल्या पुडीवरील छापील खोक्याचा आणि जाहिरातीचा खर्च याहून कितीतरी अधिक असतो. जो रुग्ण त्या सुंदर खोक्याचे पैसे देतो, तो झाडाचे दीड रुपयाहून कमी मोल देणार नाही असे मानण्यास काही आधार नाही. मात्र का द्यायचे ते त्याला सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निसर्गाला किंमत लावली की श्रद्धा मरते, असे काही विचारवंतांचे म्हणणे असते. प्रा. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा पैशावाचून पिढ्यान्पिढ्या राखलेली जंगले त्यांना आढळली. हे खरे आहे आणि जेथे देवाचे राखण अजून शाबूत आहे तेथे भावाची भाषा नेऊ नये, असेच आमचेही मत आहे. परंतु मालकीच्या डोंगरावरील बेहड्याला देवाचे राखण नाही, ठेकेदाराची बोली मात्र आहे. तेथे बाजार आपण नेत नाही. तो आधीच पोहोचलेला आहे. फक्त त्यात जिवंत झाडाच्या बाजूने बोली लावणारा कोणी नाही. कोस्टारिकासारख्या लहान देशाने १९९७ पासून इंधनावरील कराच्या पैशातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्यास प्रारंभ केला. गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालानेही बंदीबरोबर प्रोत्साहनाचा मार्ग सुचविला होता. तेव्हा हा विचार परका नाही.

तिसरा आक्षेप असा की, लागवड हाच खरा उपाय. लागवड हवीच. शासनाच्या योजनांतून प्रजातीनुसार ३०, ५० आणि ७५ टक्के अनुदानही देण्यात आले. परंतु अनुदानाच्या आशेने लागवड करणारा शेतकरी साहजिकच लवकर पैसा देणारे पीक निवडतो. पांढऱ्या मुसळीच्या तेजीत अनेकांनी महागडे बियाणे घेतले आणि भाव कोसळताच हात पोळून घेतले, हे आपल्या स्मरणात आहे. आज लावलेल्या बेहड्याच्या खोडात धनेशाची ढोली होण्यास कित्येक दशके लागतील. उभे आहे ते राखणे, हे नवे लावण्यापेक्षा नेहमीच स्वस्त आणि शहाणपणाचे असते.

काय करता येईल?

केवळ तत्त्वचर्चा करून थांबणे आम्हास उचित वाटत नाही. म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना खरेदीच्या वहीविषयी आहे. कच्च्या मालाच्या वापराची नोंद ठेवणे परवानाधारक उत्पादकांना औषध नियमावलीतील १५७-अ या नियमानुसार बंधनकारक आहेच. त्यापलीकडे जाऊन प्रत्येक भांडाराने आणि दवाखान्याने स्वतःच्या वहीत तीन रकाने वाढवावेत: माल कोणत्या परिसरातील, कोणत्या महिन्यात गोळा केलेला आणि संकलकाला कोणता दर मिळाला. सुरुवातीस हे रकाने रिकामे राहतील. परंतु दहा ग्राहकांनी एकच प्रश्न विचारला की अकराव्या खेपेस व्यापारी उत्तर घेऊन येतो, हा बाजाराचा नियम आहे.

दुसरी सूचना सामूहिक खरेदीची. एकट्या वैद्याची गरज दहा-वीस किलोंची. त्यासाठी कोणी गावाहून टेम्पो पाठविणार नाही. संघटनेच्या शाखांनी सभासदांची वर्षाची गरज एकत्र केली तर तीच मागणी टनांवर जाऊ शकेल. बेहडा हिवाळ्यात पिकतो. तेव्हा पावसाळा संपण्याच्या आतच ग्रामसभा, वनधन केंद्र किंवा संकलकांचा गट यांच्याशी लेखी करार व्हावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. संकलक व्यापाऱ्याच्या उचलीत अडकलेला असतो आणि म्हणूनच पडेल त्या भावाने माल घालतो. योग्य वेळी हातात पडलेली उचल ही चढ्या दराइतकीच मोलाची आहे. किमान आधारभूत किमतीची सरकारी योजना २०१३-१४ पासून आहे आणि त्यात हिरडा, बेहडा दोन्ही येतात. परंतु ती किंमत म्हणजे तळ होय. आपला दर त्याच्या वर असावा.

तिसरी सूचना मर्यादेची. करारात कमाल वजन लिहिलेले असावे. एखाद्या परिसरातून जेवढा माल झाडाला व वन्यप्राण्यांना न दुखावता निघतो, त्याहून अधिकची मागणी आपण नोंदवूच नये. मग दर कितीही परवडो. त्याबरोबर दर्जाची अटही हवी. नीट वाळविलेला, किडीवाचून आणि बुरशीवाचूनचा माल असेल तरच चढा दर द्यावा. यात आपला स्वार्थही आहे, कारण ज्याचे गाव ठाऊक आहे त्या मालात भेसळ करणे अवघड जाते.

चौथी सूचना उभ्या झाडांसाठी. जुन्या बेहड्यांच्या मालकांना प्रत्येक झाडामागे वार्षिक मानधन देण्याची योजना शाखा आपल्या निधीतून चालवू शकतात. एका शाखेने पाच झाडे घेतली तरी पुष्कळ झाले. करार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या साक्षीने व्हावा, म्हणजे त्यास गावाची मान्यता राहील.

शेवटची सूचना मूळ, साल आणि खोड यांविषयी आहे. फळाचे अर्थशास्त्र मुळाला लागू पडत नाही. दशमुळातील पाच मोठ्या वृक्षांची मुळे काढणे म्हणजे झाड मारणे. मुळांऐवजी लहान फांद्या वापरता येतील काय, यावर संशोधन झालेले आहे. त्याची चर्चा आपल्या परिसंवादांत व्हावी. सीता-अशोकाची साल बाजारात संशयास्पद स्वस्त मिळत असेल, तर ती उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची असण्याचा संभव मोठा आहे, हे प्रत्येक भांडारमालकाने ध्यानात ठेवावे. अशा द्रव्यांत चढा दर देणे हा उपाय नव्हे. मागणी कमी करणे आणि लागवडीचाच माल घेणे, हा उपाय आहे.

प्रमाणपत्र महाग पडते ही अडचण आम्ही जाणतो. परंतु ब्रिस्टलच्या ग्राहकाला सह्याद्री डोळ्यांनी पाहता येत नाही म्हणून त्याला प्रमाणपत्र लागते. आपण तर एका रविवारी जाऊन झाड पाहून येऊ शकतो, संकलकाशी मराठीतच बोलू शकतो. चार वैद्यांनी वर्षातून एकदा गावी जाऊन केलेली पाहणी आणि ग्रामसभेचा लेखी दाखला एवढ्यावर आरंभ निश्चित होऊ शकतो.

येत्या वार्षिक सभेत याविषयी ठराव यावा आणि निदान एका शाखेने येत्या हंगामात एक टन बेहडा गावाच्या नावासह, ठरलेल्या दराने खरेदी करावा, अशी आमची विनंती आहे. तो माल कसा निघाला, काय अडचणी आल्या, किती पैसे गावात पोहोचले, याचा हिशोब याच त्रैमासिकात छापावा. यशस्वी झाला तर इतर शाखा अनुसरतील. न झाला तर कोठे चुकले ते सर्वांना कळेल. औषधी भांडारांच्या मालकांनी आणि वैद्यबंधु-भगिनींनी या सूचनांवर आपली अनुकूल-प्रतिकूल मते संपादक मंडळाकडे अवश्य कळवावीत. बेहड्याला फळे धरली आहेत आणि ठेकेदारही वाटेवर आहे. त्याच्या आधी आपण पोहोचावे, एवढीच इच्छा.